शिळ्या पाण्यातला मासा

आमच्या घरात पाण्याचं आयुष्य एका रात्रीचं होतं. पहाटे आई उठली की आदल्या दिवशीचं पाणी शिळं ठरे. ते कितीही नितळ असो, पाण्याचा मोठा पितळी गुंड काठोकाठ भरलेला असो, सगळं परसातल्या पपईला जाई. मग गुंड, कळशी आणि तांब्या राखेने घासून उपडे होत आणि ताज्या पाण्याने पुन्हा भरले जात. नळाला पाणी आलं नाही त्या दिवशीही हा क्रम चुकत नसे. आई आधी शिळं पाणी ओतून देई आणि मग पाणी नाही म्हणून ओरड करी.

वडील गावात स्वच्छता निरीक्षक होते. विहिरींत ब्लिचिंग पावडर टाकणं, नाल्यांवर तेल फवारणं, कुणाच्या अंगणात पाणी साचलं आहे ते पाहून दम भरणं ही त्यांची कामं. बालाघाटात लोक त्यांना 'सॅनेटरी साब' म्हणत. पाण्याचं वय त्यांच्या लेखी गौण होतं, खरा प्रश्न जंतूंचा. पावडरीचा वास आला की पाणी पिण्यालायक झालं असं ते मानत, आणि घरच्या गुंडातही कागदाच्या पुडीतून चिमूटभर सोडत. दोघांचाही एकमेकांच्या शास्त्रावर विश्वास नव्हता, पण पाळली मात्र दोन्ही जात. त्यामुळे गावातलं सर्वांत ताजं आणि सर्वांत उग्र वासाचं पाणी आमच्याकडे मिळे. पाहुणे शक्यतो चहा मागत.

साठ ते सत्तरच्या दरम्यानची गोष्ट आहे. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाला बालाघाटच्या बातम्या पाठवत असे. घरातला हा प्रकार बातमीत बसणारा नव्हता, म्हणून त्या वेळी लिहिला नाही.

राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा आमचे बहुतेक नातेवाईक जागचे न हलता महाराष्ट्रात गेले. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तेही जागचे न हलता. त्यानंतर सोयरीक करायची तर राज्य ओलांडावं लागे. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक गोंदियाला जुळली. मुलगा तिथल्या स्टेशनवर पार्सल कचेरीत कारकून होता. मुलगी पाहायला आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता: मॅट्रिकनंतर पुढे काही शिकायचं आहे का? बहिणीला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. तिने तसं सांगितलं. तो म्हणाला, गोंदियाला सोय आहे. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, घरातही नाही. हे लग्न तिला हवं होतं ते एवढ्यासाठी.

आधीची एक सोयरीक सुपारी फुटता फुटता मोडली होती. त्या लोकांनी कारण कळवलं नाही. आईने कारण स्वतःच शोधलं होतं. बोलणी करायला निघताना मांजर आडवं गेलं होतं. वडिलांनी त्या वेळी "असं काही नसते" असं म्हटलं होतं, आणि ते वाक्य पुढे घरात त्यांच्याविरुद्ध वापरलं जाई.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होळीच्या आधी झालं. गोंदियाकडच्या मंडळींनी ओटी भरली, साडी दिली, आणि शेवटी मुलाने पिशवीतून काचेची एक बरणी काढली. किराणा दुकानात गोळ्या ठेवतात तसली. आत बोटाएवढा मासा होता. शाईसारखा निळा, शेपटी आणि पर लाल, लुगड्याच्या पदरासारखे लोंबणारे. कलकत्त्याहून नागपूरला गोंदियावरून जिवंत माशांचे डबे जात, त्या धंद्यातल्या एका व्यापाऱ्याने खूश होऊन त्याला तो दिला होता. त्याला 'फायटर' म्हणतात, दुसरा नर दिसला तर मरेस्तोवर लढतो, म्हणून एकटा ठेवायचा, एवढीच माहिती मुलाने दिली. बरणी बहिणीच्या ओटीत ठेवली गेली. तेव्हा मुलाची आत्या म्हणाली,

"जिवंत जीव आहे बाई. पाहू, कशी सांभाळते."

मंडळी गाडीत बसून गेली आणि आईने बरणीकडे बोट दाखवलं.

"पोरगी पाहून झाली, आता घर पाहून राह्यले ते. लगनापर्यंत हा मेला, तं सोयरीक मोडली समजा."

"असं काही नसते," वडील म्हणाले.

"मागच्या वेळीही तुमी असंच म्हनलं होतं."

बहिणीला मी नंतर विचारलं, तुझा यावर विश्वास आहे का?

"मासा मेल्यानं लगन मोडत नाही, दादा," ती म्हणाली. "पन मासा मेल्यानं लगन मोडते असं सगळ्यायले वाटलं, तं मोडते."

या वाक्यात मला तेव्हा दुरुस्ती सुचली नाही. आजही सुचत नाही.

आमच्याकडे मासे खाल्ले जात, पाळले कधीच नव्हते. शेजारच्या काकूंनी बरणीला डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, "तळाले केवढासा होईल हा?" आई रागावली. जावयाकडून आलेल्या वस्तूबद्दल असं बोलणं तिला अशुभ वाटलं. त्या दिवसापासून माशाला घरातल्या माणसाचा दर्जा मिळाला, आणि त्याचे हाल सुरू झाले.

घरातल्या माणसाला शिळं पाणी देत नाहीत. रोज सकाळी आई मासा तांब्यात काढी, बरणीतलं पाणी पपईला घाली, बरणी राखेने लख्ख घाशी आणि नळाचं ताजं पाणी भरी. वडील चिमूटभर पावडर टाकत. पिण्याच्या पाण्यात टाकतात त्याहून कमीच, जीव लहान म्हणून. मग आई त्याला भाताची शितं घाली. मासा ती खात नसे. शितं तळाशी फुगत, आणि दुपारपर्यंत पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं होई. आई म्हणे, पाणी शिळं झालं. वडील म्हणत, जंतू झाले. संध्याकाळी पुन्हा पाणी बदललं जाई आणि पुन्हा चिमूट पडे.

मासा फिका पडत गेला. पाणी बदललं की तो पर मिटून तळाशी पडे, तासन्तास तसाच, आणि मध्येच श्वास घ्यायला कसाबसा वर येई. त्याची ही अवस्था पाहून घरातली काळजी वाढली, आणि काळजी वाढली तसं पाणी आणखी वेळा बदललं जाऊ लागलं. आईने देवीला नवस बोलला. वडिलांनी पुडी बदलली. जुन्या पावडरीचा जोर गेला असेल, असं त्यांचं अनुमान होतं.

बहीण फक्त पाहत होती. पाणी बदलताना तिला आईच्या हाताशी उभं राहावं लागे, त्यामुळे मासा केव्हा पडतो आणि केव्हा उठतो हे तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा ती म्हणाली, "आई, पानी बदलवलं की हा पडते."

"मंग काय घान पान्यात ठेवू त्याले?"

"एक दिवस ठेवून पाहू."

"तुह्या लगनाचा खेळ नाही करत मी," आई म्हणाली, आणि नळ सोडला.

त्याच सुमारास हट्ट्याला, मामांच्या गावी, बारसं निघालं. सगळ्यांना जाणं भाग होतं. बरणी नेता येईना, म्हणून आईने घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आणि पाणी कसं बदलायचं ते करून दाखवलं. हट्ट्याला आम्ही तीन-चार दिवस राहिलो. तिथली बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, पाहताना सगळे पायऱ्या उतरले. आई वरच थांबली. इतक्या वर्षांचं साठलेलं पाणी तिला वरूनही पाहवेना.

परत आलो तेव्हा काकू दारातच भेटल्या.

"अवो बाई, मैं तो भूल ही गई," त्या म्हणाल्या. "आनि खरं सांगू का, मले त्याचं भेव वाटते. डोये वटारून पाहते मेला."

आई चप्पल न काढता आत गेली. बरणीतलं पाणी फिक्या चहासारखं पिवळसर झालं होतं. आणि वरच्या बाजूला, काचेला चिकटून, पांढऱ्या बारीक बुडबुड्यांचा जाड फेस जमला होता.

"फेस आला त्याच्या तोंडाले!" आई किंचाळली. "मरून राह्यला! सरप चावल्यावानी फेस आला!"

वडिलांनी अंगावरचा कोट तसाच ठेवून पुडी काढली. परिस्थिती पाहता चिमूट पुरणार नाही, असं ते म्हणाले.

पण मासा मरत नव्हता. तो फेसाखाली फिरत होता, पर पूर्ण उघडून, पहिल्या दिवशी होता त्याहून निळा. मध्येच वर जाई, तोंडात हवा घेई आणि एक बुडबुडा फेसाला नेऊन चिकटवी. मी बरणीजवळ बोट नेलं तेव्हा तो कल्ले फुगवून माझ्यावर धावून आला. हा नर खुशीत असला की पिल्लांसाठी असं घरटं बांधतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला बरं वाटतं आहे एवढं बहिणीला दिसत होतं, आणि एका बाजूने राख, दुसऱ्या बाजूने पावडर येत आहे हेही.

तिने बरणी उचलून पोटाशी धरली.

"हे माह्या ओटीतलं आहे," ती म्हणाली. "ओटीतली वस्तू लगन लागेपर्यंत दुसऱ्यानं हाताळत नाहीत."

"कोन म्हनलं?"

"हट्ट्याले मामीच्या घरी बायका बोलत होत्या. सासरकडच्या वस्तूले माहेरचा हात लागला की ती टिकत नाही."

अशी रीत हट्ट्यात नव्हती. कुठेच नव्हती. पण आईने आयुष्यभर इतक्या रीती पाळल्या होत्या की न ऐकलेली एक रीत असू शकते, ही शक्यता तिला नाकारता येईना. आणि मासा टिकत नव्हता हे तर तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दोन पावलं मागे सरली.

"मंग आधी काहून नाही सांगितलं तू?"

"मले तरी कुठं मालूम होतं!"

वडिलांनी पुडी हातात धरून विचारलं, "पावडर तरी टाकू का वरून? हात नाही लावत मी."

"नको बाबूजी," बहीण म्हणाली. "मी टाकते."

तिने ती कधीच टाकली नाही. रोज सकाळी ती बरणी घेऊन परसात जाई, थोडा वेळ पपईखाली बसे आणि तीच बरणी घेऊन परत येई. आई समाधानाने म्हणे, "रोज ताजं पानी भेटते, म्हनून पाहा कसा तेज आला."

परसात ती काय करी ते मी पाहिलं आहे. पपईच्या पानाच्या पोकळ देठाचं वरचं भोक ती अंगठ्याने दाबून धरी, देठ बरणीच्या तळाशी नेऊन अंगठा सोडी. तळाची घाण देठात चढे. अंगठा पुन्हा दाबून देठ बाहेर काढला की घाण बाहेर. असं करताना थोडं पाणी जाई, तेवढंच ती घाली. तेही नळाचं ताजं नाही. मातीच्या एका पसरट कुंड्यात तिने पाणी भरून ठेवलं होतं. दिवसभर उन्हात राहिलं की त्याचा पावडरीचा वास जातो, हे तिने नाकाने ओळखलं होतं. बरणीतलं बाकीचं पाणी तसंच राही. दिवसेंदिवस तेच पाणी. गावाबाहेरच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, तिने एक हिरवी वेल आणून आत सोडली होती. आईला सांगितलं, आत्याबाईंचा निरोप आहे.

उरला खाण्याचा प्रश्न. शितं बंद केली तर त्याला द्यायचं काय? डासांच्या अळ्या तो चवीने खातो, हे तिला वेलीबरोबर आलेल्या बोडीच्या पाण्यातूनच कळलं. पण गावात डासांच्या अळ्या सापडू नयेत यासाठीच आमच्या वडिलांना पगार मिळत असे, आणि आमच्या घराभोवती ते विशेष लक्ष देत. बहिणीने न्हाणीमागे, लाकडांच्या आडोशाला एक फुटका माठ ठेवला आणि त्यात पाणी साचू दिलं.

तो माठ वडिलांना एका रविवारी दिसला. ते बराच वेळ त्यात वाकून पाहत होते. मग त्यांनी कुंपणावरून हाक मारली.

"काकू, हे मडकं तुमचं काय?"

"माझं काहून राहील?"

"अळ्या आहेत यात. तुमच्याकडून इकडं फेकलं कोनी."

काकू कुंपणाशी आल्या, माठ पाहिला आणि तोंडाला पदर लावला. "अब देखो! आमच्या टाक्या उलट्या करवता, आनि डास सॅनेटरी साबच्या घरी पैदा होऊन राह्यले! लिहा ना आता सोताच्या नावानं नोटीस!"

वडिलांनी माठ फोडला. त्या दिवशी त्यांनी आमच्या गल्लीत इतक्या कडकपणे तपासणी केली की तीन घरांशी बोलणं तुटलं. बहिणीने दुसऱ्या दिवशी दुसरा माठ ठेवला, या वेळी काकूंच्या बाजूला, त्यांना सांगून. काकूंना ही कल्पना फार आवडली.

वैशाखात लग्न लागलं. मासा अंगाने भरला होता. वऱ्हाडी मंडळींना बरणी दिसावी म्हणून आईने ती ओट्यावर, पाहुण्यांच्या नजरेसमोर ठेवायला लावली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. आई मात्र दर थोड्या वेळाने पाहत होती, बरणीकडे आणि बरणीकडे न पाहणाऱ्या आत्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात छोट्या गाडीने, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेने, गोंदियाला निघायची होती. बहिणीने आदल्या दिवशीच बरणीतलं बरंचसं जुनं पाणी मातीच्या एका कळशीत काढून ठेवलं होतं. गोंदियाचं पाणी कसं असेल ते माहीत नव्हतं, म्हणून. कळशीच्या तोंडाला तिने फडकं बांधलं होतं. बायकांनी विचारलं, यात काय? आईने तिच्या वतीने उत्तर दिलं,

"वैनगंगेचं पानी आहे. माहेरची गंगा घेऊन चालली माही पोरगी."

बायकांनी डोळे पुसले. दोघींनी कळशीला हळदकुंकू लावलं.

बहीण कपडे करायला आत गेली. रीत तिने स्वतःच घालून दिली होती: लग्न लागेपर्यंत. लग्न लागलं होतं. आईने इतके दिवस आवरून धरलेले हात अखेर मोकळे केले. मुलीला निरोप देताना तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं. तिने मासा तांब्यात काढला, वेल फेकली, बरणी राखेने अशी घासली की काच आहे की नाही कळेना, आणि नळाचं ताजं पाणी भरलं. वडील आले. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि चिमूट सोडली.

"शिळं पानी घेऊन सासरी नाही जाऊ," आई म्हणाली, आणि बरणी बहिणीच्या मांडीवर ठेवली.

बहिणीने बरणी पाहिली. आईच्या गळ्यात पडून ती जे रडली, ते सगळ्यांना रीतीप्रमाणे वाटलं.

नवरीसोबत जायला मी होतो. गाडी स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत मासा तळाशी गेला होता, पर मिटून, एका अंगावर. बहिणीने खिडकीतून मागे पाहिलं, आई दिसेनाशी झाल्याची खात्री केली, मासा पाण्याच्या तांब्यात घेतला आणि बरणी खिडकीबाहेर उलटी केली. मग तिने कळशीचं फडकं सोडलं.

"अवो, अवो बाई!" समोर बसलेली आत्या ओरडली. "वैनगंगेचं पानी माशाले?"

"जिवंत जीव आहे, आत्याबाई. तुमीच तं म्हनलं होतं, पाहू कशी सांभाळते."

"मी?" आत्या म्हणाली. "कवा?"

तिला खरोखरच आठवत नव्हतं. नवरा मुलगा मात्र पुढे वाकून बरणीत पाहत होता.

"हा तोच आहे?" त्याने विचारलं. "मले वाटलं, तुमी दुसरा आनला असंन. माह्याजवळचे तं आठ दिवसही नाही टिकत. याच्या आधी तीन गेले. हाही गेला असता, म्हनून तुमच्याकडं देऊन टाकला."

"तुमच्याकडं पानी कोन बदलवते?" बहिणीने विचारलं. लग्न लागल्यावर नवऱ्याशी ती बोललेलं हे पहिलं वाक्य असावं. निदान मी ऐकलेलं पहिलं.

"माय. रोज सकाळी. तिले शिळं पानी चालत नाही."

कळशीतलं उरलंसुरलं पाणी बहिणीने बरणीत निथळून घेतलं. गोंदिया येण्याआधी माशाने एक पर उघडला, मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या सासरी ओसरीत चहा पीत होतो. चहाला पावडरीचा वास नव्हता. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. सासूबाई हातात राख घेऊन बाहेर आल्या आणि कोनाड्यातल्या बरणीकडे वळल्या. बहीण दारात उभी होती, डोक्यावर पदर घेऊन.

"सासूबाई," ती म्हणाली, "आमच्या बालाघाटले एक रीत आहे. ओटीत आलेली वस्तू जिची तिनंच हाताळायची."

"कवापर्यंत?" सासूबाईंनी विचारलं.

या वेळी तिने मुदत घातली नाही.